आपांची गेंद

सकाळी लॅबमध्ये आल्या की आपा आधी पर्स ठेवायच्या नाहीत, ॲप्रनही घालायच्या नाहीत. सरळ खिडकीशी जायच्या, तिथल्या पितळी ताटलीतला हिरवा गोळा दोन्ही तळहातांवर उचलायच्या आणि डोळे मिटून क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. मग म्हणायच्या, "हलकी झालीय. आज पाणी." किंवा, "भारी आहे अजून. उद्या बघू." एवढं झालं की आमचा दिवस सुरू व्हायचा.

पुंडलिकनगरच्या आतल्या गल्लीत आमची रक्त-लघवी तपासायची लॅब. मी रिसेप्शनला, आपा आत तपासणीला, आणि त्यांच्या पलीकडच्या केबिनमध्ये लॅबचे मालक डॉक्टर. अशा लॅब तुम्हीही पाहिल्या असतील. दारात चपलांचा ढीग, आत उपाशीपोटी आलेली माणसं, दंडावर कापूस दाबून बसलेली लेकरं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच काळजी. त्या काळजीत न शोभणारी एकच वस्तू होती, खिडकीतला तो गोळा.

नारळाएवढा असेल. आत माती, मातीत नेच्याची मुळं, आणि वरून ओलं शेवाळ लपेटून दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. कुंडी नाही, काही नाही. गोळ्यातूनच नेच्याची झुबकेदार पानं वर येऊन चारी बाजूंनी लवलेली. आपांच्या पुण्यातल्या भाचीनं तो दिला होता. त्याला बाजारात काहीतरी परदेशी नाव आहे, पण आपा 'गेंद' म्हणायच्या. म्हणून आम्हीही गेंदच म्हणायला लागलो.

एकदा पैठणकडचे एक आजोबा रक्त द्यायला आले होते. बराच वेळ त्या गोळ्याकडं बघत बसले. शेवटी उठून काउंटरवर आले आणि हळूच मला म्हणाले, "म्याडम, एवढी मोठी गाठ कुणाच्या पोटातून काढली व्हय?"

मला हसू आवरेना. आपा आतून आल्या, त्यांनी चेहरा जराही हलवला नाही. "भाचीची आहे, काका," म्हणाल्या.

"आन् भाची?"

"लई मजेत आहे."

आजोबांनी गोळ्याला लांबून हात जोडले आणि परत जागेवर जाऊन बसले.

आपा पन्नाशीच्या. लग्न केलं नव्हतं. छावणीत पहिल्या मजल्यावरच्या घरात वडील आणि त्या, दोघंच. अब्बा शिंपी. लष्कराच्या लोकांचे युनिफॉर्म शिवण्यात त्यांची उमर गेली होती. आता डोळे साथ देत नव्हते. आपा रोज छावणीतून स्कूटीवर यायच्या. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. पण कोणाची शीर सापडत नसेल, माणूस घाबरून थरथरत असेल, तर त्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायच्या आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन नुसत्या धरून ठेवायच्या. सुई नाही, काही नाही. हात गरम झाला की मग काम.

कोणी काही विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. मी विचारायचे, "आपा, गेंदला आज पाणी देऊ का?" त्या म्हणायच्या, "मला काय विचारतेस? हातात घेऊन सांग." एकदा माझ्या मुलीला कणकण होती म्हणून मी घरून फोन केला, म्हटलं, ताप आहे वाटतं. "वाटतं काय गं?" त्या रागावल्याच. "लेकराला हातात घे, मग सांग."

गेंदला पाणी द्यायचं म्हणजे वरून ओतायचं नाही. गोळा पाण्यात बुडवून ठेवायचा. त्यातून बारीक बारीक बुडबुडे येत राहतात. ते थांबले की झाडाचं पोट भरलं. मग बाहेर काढून, ओला स्पंज दाबतात तसा अलगद दाबायचा आणि निथळत ठेवायचा. पण पाणी कुठलं, हा आमच्या शहरात पहिला प्रश्न. नळ आठवडा आठवडा येत नाही, टँकरचं पाणी जड, बोअरचं त्याहून जड. तशा पाण्यानं शेवाळावर पांढरी खार चढते आणि ते करपतं. आपांनी त्यावर तोड काढली होती. मशीनसाठी लॅबमध्ये एसी दिवसभर चालायचा. त्याच्या पाइपमधून मागच्या बोळात थेंब थेंब गळणारं पाणी त्यांनी बादलीत धरायला सुरुवात केली. गेंद बुडवून झाली की उरलेलं पाणी बोळातल्या कढीपत्त्याला.

"आपा, तुम्ही हिला पेशंटपेक्षा जास्त जपता," डॉक्टर म्हणायचे.

"पेशंट ओरडतात, डॉक्टर. ही ओरडत नाही."

लांबच्या सुट्टीत त्या तिला घरी न्यायच्या. कशात न्यायच्या, तर हेल्मेटमध्ये. हेल्मेट उलटं करून पायाशी ठेवायचं, त्यात गेंद, आणि आपल्या डोक्याला नुसती ओढणी. एकदा क्रांती चौकात पोलिसानं अडवलं. हेल्मेट कुठंय विचारलं, तर यांनी वाकून दाखवलं, त्यातून नेच्याची पानं डोलत होती. पोलिसानं पावती फाडलीच. "बरोबर आहे त्याचं," आपा दुसऱ्या दिवशी मला सांगत होत्या, "पण त्यानं विचारलं, हे कसलं झाड आहे. मग मी त्याला सांगत बसले. मागं सिग्नल सुटला, लोकं हॉर्न मारायला लागली."

त्या वर्षी रमजानमध्ये त्या फार थकल्या. जिना चढताना मध्ये थांबायच्या. आम्हाला वाटलं, रोजे आहेत, ऊन आहे, वय आहे. ईद झाली. आपांनी डब्यातून शीरखुर्मा आणला, सगळ्यांना वाटला. पण थकवा गेला नाही. एका सकाळी त्यांनी गेंद उचलली तेव्हा बाही मागं सरकली, आणि दंडावर मला निळे-काळे डाग दिसले.

"कुठं पडलात का आपा?"

"नाही. तेच बघतेय मी पण."

त्या दिवशी दुपारी पेशंट संपले होते. आपा आतून काउंटरवर आल्या. "एक पेशंट लिहून घे."

मी बाहेर बघितलं. बाकावर कोणीच नव्हतं. "कुठं आहे?"

"तू लिही." त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं. मग वय सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरवर पुढं विचारलेलं असतं, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं. माझी बोटं तिथं थांबली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्याच म्हणाल्या, "सेल्फ लिही."

त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं होतं, काचेच्या पट्टीवर पसरवून रंगवलं होतं आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं रक्त बघितलं. काय दिसायला हवं आणि काय दिसायला नको, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून राहिले. उठले ते चष्मा काढून पुसतच. "आपा, बसा," एवढंच म्हणाले.

"बसून झालं, डॉक्टर. तुमच्या आधी मी बघितलंय."

रक्ताचा कर्करोग होता. मोठ्या दवाखान्यात परत तपासण्या झाल्या, पण त्यांत नवीन काही निघालं नाही. केमो लगेच सुरू करायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी काय पाळायचं ते सांगितलं: कच्चं खायचं नाही, गर्दीत जायचं नाही, घरात फुलं नाहीत, माती नाही, झाडं नाहीत.

"शेवाळ तर नाहीच नाही," आपा मला म्हणाल्या. "त्यात बुरशी असते. तुझ्या-माझ्यासारख्याला काही होत नाही. म्हणजे तुझ्यासारखीला." मग म्हणाल्या, "माझ्या रक्तात आता लढायला कोणी राहणार नाही."

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी त्या शेवटच्या लॅबमध्ये आल्या ते गेंद मला सोपवायला. मास्क लावलेला. गेंदला हात लावला नाही, दारातच खुर्ची घेऊन बसल्या. मी बादली आणली. मी बुडवली, मी दाबली, मी निथळत ठेवली. त्या लांबून सांगत होत्या. "असं पिळू नकोस, कपडा आहे का तो? हां. अलगद. सुकलेलं पान ओढू नको, कापून टाक." सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती जड लागतेय?"

"आपा, माझ्या मुलीच्या भरलेल्या डब्याएवढी."

त्यांच्या डोळ्यांवरून कळलं, मास्कच्या आत त्या हसल्या.

ते दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना माहीत आहे. केस गेले, जिभेला फोड आले, आवाज बारीक झाला. पण जरा बरं वाटलं की दवाखान्यातून फोन यायचा. आधी विचारायच्या, "डॉक्टर ओरडत नाहीत ना नवीन माणसावर?" त्यांच्या जागी दुसरा टेक्निशियन आला होता. मग गेंद. मी रोज उचलत होते. सुरुवातीला मला काही कळायचं नाही. सगळे दिवस सारखेच जड वाटायचे. मग एका सकाळी ती हातात घेतली आणि मी चमकलेच. काल होती त्याहून खरंच हलकी होती. त्या दिवशी मीच फोन केला. "आपा, कळलं मला!"

"काय कळलं?"

"हलकी झालीय."

मग म्हणाल्या, "आता मला चिंता नाही."

पहिला टप्पा संपवून त्या घरी आल्या. भेटायला वर यायची कोणाला परवानगी नव्हती. एका रविवारी मी नवऱ्याला सोबत घेऊन छावणीत गेले. गेंद हेल्मेटमध्ये ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या घराखाली उभं राहून फोन लावला. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार उघडलं. आधी अब्बा बाहेर आले, त्यांनी खुर्ची ठेवली. मग आपा. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा कागदासारखा. मी गेंद दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. नवीन फुटलेली पानं अजून गुंडाळीतच होती, ती त्यांना दिसावीत म्हणून मी गोळा हळूहळू फिरवत होते. खालच्या बेकरीतली लोकं बघायला बाहेर आली. आपा कठड्यावर हनुवटी टेकून बघत होत्या. माझे हात दुखायला लागले तरी मी खाली घेतले नाहीत. शेवटी वरून अब्बाच म्हणाले, "बेटा, थक जाएगी. नीचे रख." तेव्हा कुठं मी हात खाली केले.

पावसाळा संपता संपता रिपोर्ट चांगले आले. रक्तात नको ते काही दिसत नव्हतं. आपा डॉक्टरांना भेटायला लॅबमध्ये आल्या. रुमालाखाली बारीक बारीक केस उगवले होते, लहान बाळाच्या जावळासारखे. त्या सरळ खिडकीशी गेल्या. मी म्हटलं, "आपा, नको."

"नुसती नाही उचलत." त्यांनी डब्यातून ग्लोव्हज काढले. एकावर एक, दोन जोड्या घातल्या. मास्क नाकावर दाबून बसवला. आणि गेंद उचलली. ओलावा लागला नसेल, शेवाळाचा मऊपणा लागला नसेल, पण वजन तर रबरातूनही कळतं. त्यांनी डोळे मिटले. आत मशीनवर बसलेला नवीन मुलगा उठून उभा राहिला. डॉक्टर केबिनच्या दारात थांबले.

"भारी आहे," आपा म्हणाल्या. "उद्या बघू."

पण तो उद्या त्यांच्या वाट्याला फार आला नाही. थंडीत आजार उलटला. या वेळी त्याला औषध दाद देईना. मी दवाखान्यात गेले तेव्हा काचेच्या दारातूनच दिसल्या. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, थोडाच उचलला गेला. दोन दिवसांनी पहाटे गेल्या. छावणीतल्या कब्रस्तानात पुरुषमंडळी गेली, डॉक्टरही गेले. मी वर घरात बायकांमध्ये बसले होते. कोपऱ्यात अब्बांचं शिलाई मशीन होतं, त्यावर कापड टाकलेलं. सारखं माझं लक्ष तिथंच जात होतं, का ते कळत नव्हतं.

त्यानंतर एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, माझ्या मोबाइलवर अब्बांचा फोन आला. त्यांच्याशी मी याआधी नीट बोललेही नव्हते. "बेटा, गेंद कैसी है?" मी सांगितलं, बरी आहे, नवीन पान आलंय. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी परत. मग दर शुक्रवारी. कधी मी सांगायचे, काल पाणी दिलं. कधी सांगायचे, एक पान पिवळं पडलं होतं, काढलं. ते सगळं लक्ष देऊन ऐकायचे. कधी मराठीत बोलायचे, कधी त्यांच्या बोलीत. आपांचं नाव कधी निघालं नाही. पण आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतो, हे दोघांनाही माहीत होतं.

मे महिना आला. या शहरातला मे तुम्हाला सांगायला नको. त्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइट नाही, एसी नाही, एसीचं पाणी नाही. लॅब बंद ठेवावी लागली. मी गेंद घरी आणली, माठाखाली ठेवली, ओल्या पोत्यानं झाकली. पिण्याचं पाणी उकळून गार करून त्यात बुडवली. बुडबुडे आले, थांबले, मला वाटलं वाचली. पण दारातून झळा आत येत होत्या, आणि नेचा झळा सोसत नाही. आधी पानांची टोकं करपली, मग पानं चुरचुरीत झाली. मी सगळी पानं कापून टाकली, म्हटलं बुडखा जिवंत असला तर फुटेल. लाइट आली, लॅब उघडली, गेंद खिडकीत परत ठेवली. मी रोज बघत होते. बुडखा दाबला की आत पोकळ लागायचा.

शुक्रवार आला. फोन वाजला. मी एकदा विचार केला, गुलमंडीच्या पलीकडं रोपवाले बसतात, तसलाच नेचा आणून बसवावा. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार आहे? पण फोन कानाला लावल्यावर तोंडातून खरं तेच निघालं. "अब्बा, गेंद गेली."

मग म्हणाले, "मी येतो."

दुसऱ्या दिवशी रिक्षानं आले. इतक्या वर्षांत मुलीच्या लॅबमध्ये ते पहिल्यांदाच येत होते. काठी टेकत आत आले, मुलगी कुठं बसायची ते विचारलं. मी दाखवलं. त्या स्टुलाकडं त्यांनी थोडा वेळ पाहिलं, बसले नाहीत. मग खिडकीशी आले. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून गेंद हातात घेऊन बोटांनी चाचपली. बोटं एका जागी थांबली. "ये धागा मेरा है," म्हणाले. "युनिफॉर्मच्या बटणांचा. आधीचा कुजला, तेव्हा मला न विचारता घेऊन गेली होती."

"अब्बा, मी लई केलं. पण..."

"मालूम है बेटा. तिचं पण डॉक्टरांनी लई केलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चल, मातीला देऊन टाकू."

आम्ही मागच्या बोळात गेलो. कढीपत्त्याच्या बुंध्याशी मी उलथन्यानं खड्डा केला. अब्बा भिंतीला धरून हळूहळू उकिडवे बसले. कुर्त्याच्या खिशातून छोटी कात्री काढली. "धागा नको ठेवू आत. हा कुजत नाही." एक एक वेढा कापत त्यांनी सगळा दोरा सोडवला. शेवाळ सुटलं, आतली सुकी माती घरंगळली, मुळांचा भुरकट गुंता तेवढा राहिला. तो त्यांनी खड्ड्यात ठेवला आणि हातानं माती लोटली. तोडलेला दोरा दोन बोटांवर गुंडाळून, लडी करून खिशात टाकला. तो त्यांनी मुद्दाम ठेवला असं मला वाटत नाही. उमरभर कापलेला दोरा तसाच उचलायची सवय असणार.

मी त्यांना हात देऊन उठवलं. रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसल्यावर ते काठीच्या मुठीकडं बघत म्हणाले, "बेटा, आता गेंद तर राहिली नाही. मग मी फोन करू का नको?"

"करा ना, अब्बा," मी म्हटलं. "कराच."

त्यांनी मान हलवली, आणि रिक्षा वळून गेली.

शुक्रवारी दुपारी फोन अजूनही येतो. मी "हॅलो अब्बा" म्हणते. जिथं तो प्रश्न असायचा तिथं थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. मग ते घसा साफ करतात आणि विचारतात, "जेवलीस का, बेटा?"